कुणाला सांगायचं नाही

१

बुधाजीनं तो आवाज ऐकला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. चिंचेच्या झाडावर बसून तो हिरव्या चिंचा खात होता. खाली खळ्यातून बापानं हाक मारली, "बुध्या!" बुधाजीच्या तोंडात चिंच होती. ती थुंकून तो उत्तर देणार, तोच गोठ्यातून आवाज आला, "ओ!"

आवाज त्याचाच होता. जरा चिरका, शेवटाला लांबवलेला.

बाप गोठ्याच्या दारापर्यंत गेला, आत वाकला आणि तसाच वाकून राहिला. बऱ्याच वेळानं मागं वळला तेव्हा त्याला झाडावर बुधाजी दिसला. तो ओरडला नाही की हात उगारला नाही. झाडाखाली येऊन इतकंच म्हणाला, "कुटं जायाचं तर सांगून जात जा रं."

गोठ्यात काय दिसलं ते बापानं कधी सांगितलं नाही, आणि बुधाजीनं कधी विचारलं नाही. पण सांगून जायचं, हे अंगात मुरलं. पळसदरीच्या धरणाखालचं त्यांचं गाव तसं लहान. गावाच्या शिवेवर राखणदार चेडोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. गाव सोडून रात्रीच्या मुक्कामाला कुणी निघालं, की त्या दगडापुढं झाडाचं एक पान ठेवायचं आणि हळूच म्हणायचं, "येतो." परत आलं की म्हणायचं, "आलो." यात कुणाला काही विशेष वाटत नाही. खालापूरला कंपनीत जाणारी पोरंसुद्धा बाहेरगावी निघाली की दगडापाशी मोटारसायकल थांबवतात.

जन्मभरात बुधाजीनं ते पान ठेवायचं एकदाच चुकवलं.

२

ते चुकलं त्याला कारण झाली समीक्षा, त्याची नात. पोरगी लाखात एक. बुधाजीच्या मुलानं, धनेशनं, शेलूला घर घेतलं तेव्हापासून ती आईबापाबरोबर तिकडं राहते. खालापूरच्या एका कचेरीत नोकरी करते. ज्यांची फोनवरून, कार्डावरून फसवणूक झाली त्यांच्या तक्रारी ऐकायच्या आणि चोर शोधायचा, हे तिचं काम. कचेरीनं तिच्या कामावर खूश होऊन दोन माणसांची समुद्रातली सहल दिली. मुंबईहून बोटीत बसायचं, गोवा बघायचा, आणखी खाली जायचं आणि परत यायचं.

"आजा, तू चल माझ्यासंगं," ती म्हणाली.

"मी? अगं, तुझ्या आयशीला ने. मी काय करू बोटीत, नांगर धरू?"

"आयला पाण्याची भीती. आजीला म्हशीची काळजी. तू राहिलास."

बुधाजीची बायको धोंडूबाई चुलीपुढून म्हणाली, "जावा की. पोरगी इतकी म्हनते तर. मी बघते म्हशीचं." म्हैस नुकतीच व्याली होती आणि बुधाजीखेरीज कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. तरी धोंडूबाई जावा म्हणाली. बुधाजीला त्यातच सगळं समजलं. नातीचं बोलावणं मोडायचं नाही.

मग समीक्षानं दोघांना समोर बसवून शिकवलं. आधार कार्ड उघड्या पिशवीत न्यायचं नाही, खोलीतल्या तिजोरीत ठेवायचं. बोटीवरच्या फुकटच्या वायफायवर बँकेचं काही उघडायचं नाही. फोटो परत आल्यावरच लोकांना दाखवायचे. गळ्यातलं कार्ड सदऱ्याच्या आत घालायचं. कुणी गोड बोलून नाव, जन्मतारीख, मोबाईल विचारला तर हसायचं आणि पुढं जायचं.

"एवढ्या गोष्टी कुणाच्या हाती लागल्या ना आजा, की तिकडं दुसरा बुधाजी तयार. तुझ्या नावानं फिरणार, सह्या करणार. लोकांना तोच खरा वाटणार."

"माज्यासारखा दुसरा?" बुधाजी हसला. "त्याला म्हैस लाथ मारंल."

"हसू नकोस. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, गावाबाहेर चाललोय हे कुणाला सांगायचं नाही. घरात माणूस नाही हे कळलं, की चोराचं अर्धं काम होतं. आजी, तू पण. कुणी विचारलं तर म्हणायचं, हायती घरातच."

"कुनाला म्हंजे कुनालाच नाय?" बुधाजीनं विचारलं.

"कुणालाच नाही."

बुधाजी शब्दाला पक्का माणूस. शाळा त्यानं फार पाहिली नव्हती, पण दिलेला शब्द त्याच्या तोंडून कधी सांडला नव्हता. निघायच्या दिवशी गाव उठायच्या आत तो पिशवी घेऊन शिवेवर आला. सवयीनं करवंदीचं पान तोडलं. दगडापुढं वाकला आणि थांबला.

कुणालाच नाही, असं पोरगी म्हणाली होती.

त्यानं पान खिशात घातलं आणि दगडाकडं न बघता पुढं गेला. सबंध वाटेत त्याला स्वतःचं कौतुक वाटत राहिलं. एवढं गुपित त्यानं देवापासूनही राखलं होतं.

३

बोट म्हणजे शेलूतली नवी कॉम्प्लेक्स पाण्यावर उचलून ठेवावीत तसं होतं. मजल्यावर मजले, गालिचे, जिने. बाकीचे लोक अर्ध्या चड्ड्यांत फिरत होते. बुधाजी लेंगा, सदरा आणि कडक टोपी घालून नातीच्या शेजारी चालला. लोक वळून बघायचे. बघू देत. त्याची मान ताठ होती.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर एक हसऱ्या तोंडाचा माणूस त्याच्याजवळ आला. हातात पाटी, तीवर कागद. "काका, बक्षिसाची सोडत आहे. नाव सांगा, मोबाईल, जन्मतारीख."

"जन्मतारीख व्हय?" बुधाजी सावकाश म्हणाला. "त्या दिशी आमचा पाडा इहिरीत पडला व्हता. एवढंच आय सांगायची."

शेजारची माणसं हसली. तेवढ्यात समीक्षा आली. तिनं त्या माणसाला त्याचं ओळखपत्र मागितलं, तेव्हा तो आणतो म्हणून गेला तो गेलाच. समीक्षानं खाली जाऊन तक्रार दिली. संध्याकाळी बोटीवरच्या पांढऱ्या गणवेशातल्या साहेबानं येऊन तिचे आभार मानले. तो पाटीवाला बोटीवरचा माणूस नव्हता, बऱ्याच म्हाताऱ्यांची माहिती त्यानं लिहून घेतली होती. साहेब इंग्रजीत बोलला. बुधाजीला त्यातलं "व्हेरी गुड" कळलं आणि छाती भरून आली. बोटीवरच्या एवढ्या शिकलेल्या लोकांत त्याच्या घरची पोर तेवढी जागी होती.

एकच गोष्ट त्याला खटकत होती, आणि ती सांगण्यासारखी नव्हती.

जेवणघराला काचेचं दार होतं. माणूस जवळ आलं की आपोआप सरकायचं. पहिल्या दिवशी ते बुधाजीसाठी सरकलं. त्याला त्याची मोठी गंमत वाटली, तो उगीच दोनदा आतबाहेर करून आला. तिसऱ्या दिवशी ते सरकलं नाही. तो जवळ गेला, मागं आला, हात हलवला. दार बंदच. मागून एक लहान पोरगी आली, तशी दार उघडलं.

हात धुवायच्या नळाचंही तेच. इतरांच्या हाताखाली पाणी यायचं, त्याच्या हाताखाली यायचं नाही.

"सेन्सर बिघडला असेल," समीक्षा म्हणाली. तिनं हात धरला. पाणी आलं.

बुधाजीनं विचार केला. आपण बारीक, रंगानं काळे. यंत्राला उजेडात दिसत नसू. एवढ्या मोठ्या बोटीत एखादं दार बिघडतंच. त्याला ते पटलं. मात्र नंतर तो नातीच्या अगदी पाठीमागून चालायला लागला.

४

गोव्याच्या धक्क्याला फोनला रेंज आली. समीक्षानं स्वतःच्या फोनवरून घरी व्हिडिओ लावला. धोंडूबाईला तिनंच जुना फोन देऊन ठेवला होता. पडद्यावर आधी कौलं दिसली, मग धोंडूबाईचं कपाळ.

"आजी, फोन खाली धर. हां. दिसलीस. बरी हायस ना?"

"बरी हाय. तुमी?"

"आजा बघ कसा साहेब झालाय!"

बुधाजी पडद्यात वाकला. बोलायला खूप होतं. समुद्राला अंतच नव्हता हे सांगायचं होतं. पण त्याची नजर धोंडूबाईच्या खांद्यामागं गेली. मागं पडवी दिसत होती. पडवीत, तो नेहमी बसतो त्या खांबाला टेकून, कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. अंगात बंडी. पुढ्यात सूप. ते माणूस वालाच्या शेंगा सोलत होतं, हळूहळू, एक शेंग सोलून दाणे तळहातावर घेऊन मगच सुपात टाकत.

"कोन बसलंय गं मागं?"

धोंडूबाईनं मागं वळून पाहिलं. तिनं फोन तिरपा केला, पुन्हा कौलं दिसली.

"कोन नाय," ती म्हणाली. "कुनाला सांगू नका म्हनलाव ना? नाय सांगितलं मी कुनाला. तुमी बरं हाव ना तिकडं? मग झालं. लवकर या."

फोन बंद झाला.

"पाहिलंस?" बुधाजी समीक्षाला म्हणाला. "तुजी आजी म्हंजे कुलूप हाय."

हिरामण बसला असेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. हिरामण त्याचा बालमित्र. बंड्या दोघांनी एकाच बाजारातून घेतल्या होत्या. पण हिरामण मुठीनं शेंगा ओरबाडतो, दाणे तळहातावर घेत नाही. तसं घेण्याची सवय बुधाजीची.

शिवाय धोंडूबाई "लवकर या" असं कधी म्हणत नसे.

५

मुंबईहून लोकलनं परतताना समीक्षा शेलूला उतरली. उतरण्याआधी तिनं आजोबाच्या पाया पडून घेतलं. "आता सांग सगळ्यांना, आजा. आता सांगितलं तरी चालतं."

पळसदरीला उतरून बुधाजी चालत निघाला. उन्हं चढली होती, वालाची शेतं हिरवीगार होती. शिवेवर चेडोबाच्या दगडापाशी त्याचे पाय अडखळले. आलो म्हणावं तर जाताना सांगितलंच नव्हतं. न सांगता गेलेल्या माणसानं आलो कसं म्हणायचं? तो ओशाळून तसाच पुढं गेला.

रेशन दुकानाच्या पायरीवर ललिता तांदूळ निवडत होती. दुकान तीच चालवते.

"काका, पिशवी!" तिनं आतून एक पिशवी आणून त्याच्या हातात दिली. "परवा इथंच ठेवून गेलात."

पिशवी घरचीच होती. धोंडूबाईनं जुन्या लुगड्याच्या काठाची शिवलेली.

"परवा कोन आलं व्हतं?"

"आता तुम्हीच की! आणि मशीनला काय जादू केलीत? दर खेपेला अंगठा पुसा, तेल लावा, तरी घेत नाही. परवा एका झटक्यात घेतला."

बुधाजीनं आपला अंगठा पाहिला. भाताच्या पेंढ्या बांधून बांधून तो दगडासारखा गुळगुळीत झाला होता. त्यावर एक रेघ उरली नव्हती.

ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर हिरामण बसला होता. त्याला पाहून बुधाजीला धीर आला. वाटभर जपून आणलेली बातमी त्यानं एकदम सांगून टाकली.

"हिरामण, मी बोटीतनं आलो रं. गोव्याच्या फुडं जाऊन आलो."

हिरामण फिदीफिदी हसला. "काल हितंच माज्या डबीतली तमाकू खाल्लीस. बोट कवा धरलीस, रातीत?"

"शपत. समीक्षानं नेला. हे बग कारड."

हिरामणनं गळ्यातलं कार्ड हातात घेऊन उन्हात तिरपं केलं. "ह्यो कोन? तुजा भाऊ हाय का? निसता उजेडच दिसतोय तोंडावर."

"मीच हाय त्यो."

"बरं बाबा, तू तर तू." हिरामणनं कार्ड सोडलं आणि त्याच्याकडं जरा रोखून बघितलं. "पन आता हिकडनं कसा आलास? आताच तर गवत कापाया वरल्या बांधाला गेलास. मला राम राम घातलास की."

सगळे मिळून थट्टा करतायत, बुधाजीनं स्वतःला समजावलं. त्यांना आपल्या सहलीचा सुगावा लागला असेल. गाव असंच आहे, कुणी चार दिवस वर गेलं की लोक त्याला खाली ओढणार. तो ताठ चालत राहिला. पण पाय भरभर पडायला लागले होते. गाव काय वाटेल ते बोलो. धोंडूबाईनं आपल्याला ओळखलं म्हणजे झालं.

आणि तिनं नाही ओळखलं तर, हा विचार त्यानं अंगणाच्या पायरीपर्यंत मनात येऊ दिला नाही.

६

धोंडूबाई दारात उभी होती. तिनं हातपाय धुवायला पाणी आणलं नाही, आलाव का म्हटलं नाही. नुसती बघत राहिली. 

तो आत गेला. चालून घसा कोरडा पडला होता. माजघराच्या कोपऱ्यातल्या माठात तांब्या बुडवून उभ्यानंच प्यायला. तांब्या पालथा घातला.

मागं धोंडूबाई मटकन खाली बसली.

"तुमीच हाव," ती म्हणाली.

"मग कोन असनार?"

"हळू बोला. त्यो वरल्या बांधाला हाय. यील आता."

बुधाजी तिच्यासमोर बसला. ती पदरानं तोंड पुसत, तुकड्यातुकड्यानं बोलत गेली.

"सकाळी तुमी गेलाव आन् दुपारला आला. मला वाटलं, इसारलं असंल काय. पडवीत बसला आन् म्हनला, पानी दे. तुमी कवा मागताव पानी? तुमी जाऊन घेताव. तवाच मी वळखलं, ह्यो तुमी नाय."

"मग हिरामणला हाक मारायची! धनेशला फोन लावायचा!"

"काय सांगू? आमचं मानूस घरात नाय, ह्यो दुसराच हाय, असं सांगू? पोरगी काय म्हनली व्हती? कुनाला सांगायचं नाय. तुमी फोनवर इचारलं तवा ऐकत व्हता त्यो. कशी सांगू?"

बुधाजीनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मी उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाय," धोंडूबाईची मान वर झाली. "पडवीत बसवला, पडवीत निजवला. मदल्या दाराला आतनं आडना घालून जागी बसत व्हते. जेवान केळीच्या पानावर वाढलं. तुमचं ताट घासून पुसून तांदळाच्या कणगीत पुरून ठेवलं. रोज इचारायचा, माजं ताट कुटं हाय. मी म्हनायची, हरवलं. रागवायचा नाय. म्हनायचा, घावंल."

"म्हशीनं लाथ नाय मारली त्याला?"

"पयल्या दिशी मारली," धोंडूबाई म्हणाली. "दुसऱ्या दिशी नाय."

बाहेर गोठ्यात म्हैस हंबरली. दोघांनी दाराकडं पाहिलं. मग धोंडूबाई अगदी हळू आवाजात बोलली.

"पयल्यांदा त्याला खोकला नव्हता. मदी एक दिस तुमच्यावानी खोकला आला. मग लंगडाया लागला, तुमी डाव्या पायानं लंगडताव तसा. आन् आज सकाळी त्यानं पानी मागितलं नाय. मी म्हशीकडं गेले, येऊन बघते तर माठाशी तांब्या वला, पालथा तेवढा घातला नव्हता. तुमी आज आलाव नसताव तर उंद्या मला..." तिनं डोळे मिटले. "उंद्या मला वळखू आलं नसतं."

बुधाजी तिच्याकडं बघत होता. वाळून काटकी झालेली ही बाई इतके दिवस एकटी त्याच्या पडवीच्या तोंडाशी बसली होती. समुद्राच्या त्या एवढ्या मोठ्या पाण्यानंही त्याला इतकं भरून आलं नव्हतं.

"ताट काड," तो म्हणाला. "पडवीत वाढ."

"पडवीत? त्यो यील."

"येऊ दे. त्याच्या देखत जेवतो."

७

धोंडूबाईनं कणगीत हात घालून पितळी ताट काढलं. त्याच्या कडेला तांदळाचा भुगा लागला होता. तिनं तो पदरानं पुसला. भात, वालाचं बिरडं, कांदा वाढला. बुधाजी पडवीत खांबाला टेकून बसला. तोंड अंगणाकडं.

भर दुपारचं ऊन होतं. पेंढ्याच्या उडवीमागून पावलं वाजली. एक पाय टेकून, एक ओढत.

डोक्यावर गवताचा भारा घेतलेलं माणूस अंगणात आलं. भाऱ्यानं तोंड झाकलं होतं. त्यानं भारा गोठ्याच्या दाराशी टाकला, दगडावर जाऊन हात धुतले, डावा आधी, मग उजवा, आणि ओले हात बंडीला पुसत पडवीच्या पायरीशी येऊन उभं राहिलं. ऊन त्याच्या पाठीमागं होतं. बुधाजीला टोपीची कड दिसली, कानावरचे पांढरे केस दिसले. गालाची एक बाजू दिसली. ती नीट दाढी केलेली होती, आणि बुधाजीला जाणवलं की आपण आठवडाभर बोटीत दाढीच केली नाही.

ते माणूस बुधाजीकडं बघत नव्हतं. ताटाकडं बघत होतं.

बुधाजीचा हात घासावर थांबला. तो उचलावा की नाही, हे क्षणभर त्याला खरोखरच कळेना. त्या क्षणात त्याला आपलं नावही आठवत नव्हतं.

मागून धोंडूबाई आली. लग्नातल्या उखाण्यानंतर जे नाव तिनं आजवर तोंडात घेतलं नव्हतं, देवापुढंही घेतलं नव्हतं, ते तिनं घेतलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "बुधाजी, जेवा."

बुधाजीनं घास उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. मान ताठ ठेवून, सावकाश, तो जेवत राहिला. धोंडूबाईनं खांद्यावरचा हात काढला नाही.

पायरीवरची सावली बराच वेळ तिथंच होती. मग ती लहान झाली. गोठ्यातली म्हैस दावं ताणून, मान लांब करून त्याच्यामागं बघायला लागली आणि हंबरली. तिला कुणी उत्तर दिलं नाही. पाठमोरा माणूस डावा पाय ओढत अंगणातून बांधावर चढला आणि गावाकडं, हिरामण बसला होता त्या मोरीच्या वाटेनं निघून गेला.